चौदाव्या मजल्यावरची रग्बी

नंदू धुरी महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होता. चावीवाला म्हणजे माणसाच्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरणारा, रस्त्यातलं झाकण उघडून खालचा व्हॉल्व्ह फिरवणारा आणि वस्तीला पाणी सोडणारा कामगार. चौतीस वर्षं नंदूने कांदिवलीला पाणी पाजलं. चार चाळीसला सोडायचं म्हणजे चार चाळीसला आणि सहा दहाला बंद म्हणजे सहा दहाला. मग कुणाची बादली अर्धी राहो, नाहीतर कुणाच्या डोक्यावर साबण राहो. एकदा खुद्द सासूबाई कांदिवलीला बहिणीकडे उतरल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यावर शिकेकाईचा फेस तसाच राहिला. नंदूला हे ठाऊक होतं. त्याने तरीही सहा दहाला चावी फिरवली. सुगंधाने, म्हणजे त्याच्या बायकोने, पुढचे आठ दिवस त्याच्या आमटीत मीठ घातलं नाही. नंदूने तक्रार केली नाही. नियमाची किंमत मोजायला तो कायम तयार असायचा, अळणी आमटीसकट.

असा माणूस कबड्डीचा पंच झाला नसता तरच नवल. तरुणपणी तो डावा कोपरा सांभाळायचा. त्याने एकदा चढाईवाल्याचा घोटा धरला की सहा माणसं मिळून सोडवू शकायची नाहीत. शिट्टी वाजल्यावरही तो दोन सेकंद घोटा हातात ठेवून खात्री करून घ्यायचा. पुढे गुडघा गेला. मग बत्तिसाव्या वर्षी त्याने पांढरा शर्ट, पांढरी पँट घातली, गळ्यात शिट्टी अडकवली, आणि बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत ज्या ज्या मैदानात फक्की मारलेली होती तिथे तिथे तो शिव्या खात उभा राहिला. त्याने दिलेला निर्णय कधी फिरवला नाही. एकदा मुलुंडला प्रेक्षकांनी चप्पल मारली तेव्हा ती चप्पल मैदानात कोणत्या रेषेच्या आत पडली हेही त्याने बघून ठेवलं होतं.

तर अशा या नंदूचा एक दोस्त होता. दादू वाघचौरे, बेस्टच्या डेपोत फिटर आणि चढाईचा राजा. दोघे एकाच कॉलनीत वाढले. दिंडोशीच्या त्या जुन्या तीनमजली कॉलनीत "नंद्या" अशी हाक आली की मागोमाग "दाद्या" ऐकू यायचं, इतकं ते जोडीने चालायचं. दादूचं चढाईला जाणं म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. कंबर लचकवत, हात हलवत, समोरच्याला मामा म्हणत असल्यासारखा तो आत शिरायचा आणि एकाला टिचकी मारून परत यायचा.

वीस वर्षांपूर्वी पोयसरच्या मैदानावर एका स्पर्धेची फायनल होती. दादू चाळिशीला टेकला होता, हा शेवटचा हंगाम असं त्याने जाहीर केलं होतं. गुण बरोबरीत होते, शेवटची चढाई दादूची होती आणि पंच होता नंदू. दादूने कोपऱ्याला हात लावला. तीन जण त्याच्यावर पडले. तो त्यांना ओढत, फरफटत मध्यरेषेकडे निघाला. बोटं रेषेपासून वीतभर राहिली असतील, आणि नंदूची शिट्टी वाजली. दम तुटला. म्हणजे "कबड्डी कबड्डी" म्हणायचं थांबलं, आणि ते थांबलं की गडी बाद. दादूचा संघ एका गुणाने हरला. जिंकलेल्यांना प्रत्येकी एक टेबलफॅन मिळाला. हरलेल्यांना प्रत्येकी एक भिंतीवरचं घड्याळ.

त्या दिवसापासून दादूने नंदूला "नंद्या" म्हटलं नाही.

भांडला असता तर बरं झालं असतं. पण तसं काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर दादू हसून म्हणाला, "काय पंच, बरे आहात ना?" झालं! वीस वर्षं तेच. "पंच, चहा घेतला का तुम्ही?" "पंच, या ना घरी." ज्याच्याबरोबर एका चड्डीवर दोघांनी हंगाम काढला, तो अहो-जाहो करायला लागला की माणसाला आपण मेल्यासारखं वाटतं. सोसायटीत काही वाद झाला, गाडी कुणी कुठे लावायची वगैरे, की दादू कोपऱ्यातून गोड आवाजात म्हणायचा, "पंचांना विचारा. ते शिट्टी मारतील." आणि ते घड्याळ! ते दादूने हॉलमध्ये, बरोबर दारासमोरच्या भिंतीवर लावलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पंचांनी दिलंय."

त्यातच कॉलनीचं रिडेव्हलपमेंट झालं. तेवीस मजली टॉवर उभा राहिला, लॉटरी काढली, आणि दीडशे चिठ्ठ्यांतून नंदूला चौदाव्या मजल्यावर चौदाशे तीन नंबरचं घर लागलं आणि दादूला चौदाशे चार. दार समोर दार! दादूचं दार उघडलं की नंदूला घड्याळ दिसायचं. ते पाच मिनिटं पुढे होतं. तेही नंदूला बघवायचं नाही.

एक गोष्ट नंदूने कुणालाच सांगितली नव्हती, सुगंधालाही नाही. त्या शिट्टीबद्दल त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. हजारेक माणसं बोंबलत होती. आवाज थांबला असं त्याला वाटलं. पण थांबला, की गर्दीत बुडाला? शिट्टी मारायला एक सेकंद मिळाला होता आणि विचार करायला वीस वर्षं. एरवी शांत झोपणारा माणूस, पण दुपारी लवंडला की कधीतरी त्याच्या कानात ते "कबड्डी कबड्डी" सुरू व्हायचं आणि तो कान देऊन ऐकत बसायचा, कुठे तुटतं ते.

नंदू रिटायर झाला आणि त्याच्याकडे बंद करायला काहीच उरलं नाही. घरातले नळ तो वेळेवर बंद करू लागला तेव्हा सुगंधाने त्याला स्वयंपाकघरात यायची बंदी केली. त्यांची मुलगी जान्हवी हैदराबादला नोकरीला गेली होती. तिचा व्हिडिओ गेमचा काळा डबा टीव्हीखाली पडून होता. ती फोनवर म्हणाली, "बाबा, तो नुसता धूळ खातोय. खेळा ना काहीतरी."

डब्याबरोबर गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम होता. नंदू तो चार दिवस खेळला. तो प्रत्येक सिग्नलला थांबायचा. चार दिवस त्याचा शेवटचा नंबर आला. मग त्याने ठरवलं, आपल्याला कबड्डी जमते, कबड्डीचाच गेम आणावा. कांदिवली स्टेशनजवळ जुन्या गेमच्या डिस्क विकणाऱ्या विकीच्या दुकानात तो गेला.

"कबड्डी नाही काका," विकी म्हणाला, "क्रिकेट देऊ? फुटबॉल?"

"त्यात पकडापकडी असते का?"

विकीने खालच्या खणातून एक डिस्क काढली. कव्हरवर म्हशीएवढी दोन माणसं तिसऱ्याच्या मांड्यांना मिठी मारून बसली होती. "हे बघा. रग्बी. दीड वर्ष कोणी हात लावला नाही. कबड्डीच आहे ही काका, फक्त चेंडू एक्स्ट्रा."

नंदूने कव्हर डोळ्यांजवळ नेलं. डाव्या बाजूच्या माणसाने मांडी अगदी शास्त्रशुद्ध धरली होती. तेवढ्यावर तो डिस्क घेऊन घरी आला.

पहिल्या दिवसापासून चौदाशे तीनमधून आरोळ्या ऐकू येऊ लागल्या. पंधरा माणसं, अंड्यासारखा चेंडू, तो फक्त मागे फेकायचा आणि आपण पुढे पळायचं, असा तो उलटासुलटा खेळ. पण पकड! पकड मात्र नंदूला पहिल्या मिनिटाला जमली. समोरचा चेंडू घेऊन धावत आला की नंदूचा अंगठा बटणावर असा पडायचा की पडद्यावरचा फिजीचा धिप्पाड गडी आडवाच. आणि लगेच शिट्टी. नंदूच्या विरुद्ध.

"ह्या! कसली शिट्टी? स्वच्छ पकड आहे!"

पुन्हा पकड, पुन्हा शिट्टी. पडद्यावरचा पिवळ्या शर्टातला पंच हात वर करून नंदूकडे बोट दाखवायचा. ज्या नंदूने तीस वर्षं खेळाडूंना "पंचाशी हुज्जत नको" असं सांगितलं, तो सोफ्यावर उभा राहून त्या पंचाचा उद्धार करू लागला. त्याचं सगळं खानदान काढलं. पंचावर कुठे काय बोललेलं लागतं, हे त्याला अनुभवाने नेमकं माहीत होतं.

शेवटी त्याने जान्हवीला सांगून रग्बीचे नियम मागवले, झेरॉक्सवाल्याकडून छापून स्पायरल बाइंडिंग केलं आणि चष्मा लावून बसला. इंग्रजी अडलं की हैदराबादला फोन. तिसऱ्या दिवशी त्याला रोग सापडला. कायदा क्रमांक चौदा. धावणाऱ्याला पकडून पाडलं की पकडणाऱ्याने त्याला ताबडतोब सोडायचं.

नंदूने पुस्तक मिटलं. "सुगंधा, ऐकतेस? पकडायचं आणि सोडायचं!"

"मग?"

"मग पकडलं कशाला?"

नियम म्हणजे नियम, डोक्याला पटला. अंगठ्याला पटेना. चाळीस वर्षांची सवय. गडी खाली पडला तरी बटण दाबलेलंच राहायचं. त्या दिवसापासून सुगंधा भाजी चिरत असली तरी अर्धं लक्ष टीव्हीकडे ठेवून ओरडायची, आणि तिला जोर चढला की तिची मालवणी बाहेर यायची, "अवो सोडा! सोडा त्या मेल्याक!" चौदाव्या मजल्यावर नवीन आलेल्यांचा समज झाला की धुरींच्या घरात रोज दुपारी कुणालातरी मारतात.

हा आरडाओरडा समोरच्या घरात जात होताच. एके दुपारी बेल वाजली. दारात दादू.

"पंच, कुणाचा जीव घेताय?"

"रग्बी आहे. ये, बस."

दादू सोफ्याच्या टोकावर बसला. पाच मिनिटं बघितलं. दहा मिनिटांनी त्याचे पाय जागच्या जागी थिरकू लागले. पंधराव्या मिनिटाला तो म्हणाला, "दुसरं यंत्र आहे का?"

दुसरा कंट्रोलर होता. दादूने तो हातात घेतला, त्याच्या माणसाला चेंडू मिळाला, आणि मग जे झालं ते रग्बीच्या इतिहासात कुठे नोंदलं गेलं असेल असं वाटत नाही. दादूचा गडी वाऱ्यासारखा सुटला, नंदूच्या एका माणसाला खांदा लावला, आणि गर्रकन वळून चाळीस मीटर मागे, स्वतःच्या मध्यरेषेच्या पलीकडे पळत आला. तिथे उभं राहून दादूने विजयाने नंदूकडे पाहिलं.

"हात लावून आलो. गडी बाद करा."

"अरे दाद्या, पुढे जायचं असतं! शेवटच्या रेषेपर्यंत! परत यायचं नसतं!"

"परत नाही यायचं? मग घरी काय सांगणार?"

पडद्यामागचा इंग्रज समालोचक तेवढा वेळ गप्प होता.

तेव्हापासून रोज दुपारी तीन ते पाच. दादूची बायको जया तिचं काम घेऊन यायची, निवडायची भाजी किंवा शिवण, आणि सुगंधाबरोबर दिवाणावर बसायची. नंदूने आपला संघ स्वतः बनवला. गेममध्ये नावं घालता येतात म्हटल्यावर त्याने पंधरा धिप्पाड गोऱ्या-काळ्या माणसांना परब, राणे, घाडी, मेस्त्री अशी नावं दिली. समालोचकाला ती उच्चारता येत नव्हती. तो बिचारा "नंबर आठ, नंबर आठ" करत बसायचा. दादूने नावांच्या भानगडीत न पडता टोंगा नावाच्या बेटांच्या देशाचा संघ घेतला, कारण त्यांचा लाल रंग त्याला आवडला.

दोघेही चुका करायचे त्या आपापल्या जागच्या. नंदू सोडायचा नाही. दादू पास द्यायचा नाही. चढाईवाला एकटा जातो, मागे चौदा माणसं आहेत हे त्याच्या डोक्यातच यायचं नाही. आणि चेंडू हातात आला की तो श्वास कोंडून पुटपुटू लागायचा, "कबड्डी कबड्डी कबड्डी..." त्याचं तोंड लाल व्हायचं. जया म्हणायची, "अहो, बीपीची गोळी घेतलीय का? श्वास घ्या! त्या टीव्हीतल्याला कशाला दम लागतो? धावतोय तो!" दादू ऐकायचा नाही. दमाशिवाय धावणं त्याला चोरी केल्यासारखं वाटायचं.

दोन महिने असे गेले. मजेत गेले. नंदूला वाटू लागलं, आज ना उद्या दादूच्या तोंडून निघेल, "काय रे नंद्या." खेळाच्या नादात माणूस काय काय बोलतो. पण दादू पक्का. ट्राय मारल्यावर, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवल्यावर, उड्या मारायचा, नंदूच्या पाठीत बुक्की घालायचा आणि म्हणायचा, "कसं वाटलं, पंच? तुम्हाला झेपलं का?"

जानेवारीत एकदा दादू सलग तीन सामने जिंकला आणि त्याला चेव आला. "पंच, पैज लावू या. येत्या रविवारी एकच सामना. मी जिंकलो तर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की तुम्ही माईकवर जायचं आणि सगळ्या सोसायटीसमोर सांगायचं, वीस वर्षांपूर्वी दादू वाघचौरेवर माझी शिट्टी चुकली."

वीस वर्षांत पहिल्यांदा त्या शिट्टीचं उघड नाव निघालं होतं.

नंदूने कंट्रोलर खाली ठेवला. "आणि मी जिंकलो तर?"

"बोला. काय पाहिजे?"

काय पाहिजे ते नंदूला चांगलं माहीत होतं. पण साठ वर्षांच्या माणसाने साठ वर्षांच्या माणसाला "मला नंद्या म्हण" असं कोणत्या तोंडाने सांगायचं? तो म्हणाला, "तर तू खरं सांगायचं. दम तुटला होता की नव्हता."

"बास?"

"आणि..."

"आणि काय?"

"काही नाही. बास."

दादू गेल्यावर सुगंधा म्हणाली, "तुम्हाला त्याने नंद्या म्हणायला हवंय ना? मग सांगायचं सरळ!"

"तसं मागून घेत नाहीत."

"पाणी सुद्धा लोकांनी मागितल्यावर कधी सोडलं नाहीत," ती म्हणाली आणि आत गेली.

रविवारी नंदू पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून सोफ्यावर बसला. पँटचं वरचं बटण लागत नव्हतं, ते शर्टाखाली झाकलं. गेल्या आठ दिवसांत त्याने एकच सराव केला होता, सोडायचा. पकडलं की सोड, पकडलं की सोड. रिमोट हातात घेतला तरी अंगठा टुणकन उडायचा.

सामना झाला मात्र झकास. परब आणि मेस्त्री यांनी एकेक ट्राय मारली, दोन पेनल्टी गोलात गेल्या. नंदू वीस. दादूने पहिल्या अर्ध्यात चक्क एक पास दिला, तोही बरोबर माणसाला, आणि स्वतःच इतका चकित झाला की कंट्रोलर हातातून पडला. नंदूच्या हातून एकदाच सोडायचं राहिलं, त्याची पेनल्टी गेली. दादू सतरा. पडद्यावरचं घड्याळ संपलं. पण रग्बीत घड्याळ संपलं तरी चेंडू जिवंत असेपर्यंत खेळ संपत नाही, आणि चेंडू होता दादूच्या गड्याकडे.

दादू निघाला. आता पास नाही, काही नाही. चाळीस वर्षांपूर्वी जसा आत शिरायचा तसाच. "कबड्डी कबड्डी कबड्डी..." राणेला डावीकडून चुकवलं. घाडीला उजवीकडून. परब आडवा आला, त्याला खांद्यावरून उडवला. "कबड्डी कबड्डी..." तोंड लालभडक, कपाळाची शीर तट्ट फुगलेली. समोर उरला एकटा मेस्त्री, आणि मेस्त्री म्हणजे नंदूचा अंगठा.

दिवाणावरून सुगंधा किंचाळली, "धरा! अवो धरा त्येका!" लग्नानंतर पहिल्यांदाच ती हे सांगत होती.

नंदूने बटणावर अंगठा टेकवला. आणि त्याच क्षणी त्याच्या कानाला ते कळलं. कबड्डी, कबड्डी, कब... तुटलं.

पुढचं नंदूने केलं नाही, त्याच्या अंगाने केलं. कंट्रोलर मांडीवर पडला. उजवा हात ताठ वर गेला. आणि तोंडातून, शिट्टी नव्हती म्हणून नुसत्या ओठांनी, निघालं, "फुर्र्र्र!"

टीव्हीतल्या पंचाला दमाशी काही देणंघेणं नव्हतं. मेस्त्री देवासारखा उभा राहिला. टोंगाचा गडी त्याच्या बाजूने गेला आणि रेषेपलीकडे चेंडू टेकवून मोकळा झाला. ट्रायचे पाच गुण. बावीस-वीस.

दादू उड्या मारायच्या विसरला. नंदूचा हात अजून वर होता.

"दम तुटला," नंदू म्हणाला.

"कुठे तुटला? म्हणत होतो मी!"

"थांबलास तू, दाद्या."

"अहो पंच, रेषेपर्यंत म्हणत होतो! सबंध!"

"नाही, थांबला होतात तुम्ही," जया म्हणाली. तिच्या मांडीवर वाटाण्याच्या शेंगांची परडी होती.

"तू गप गं. तू वाटाणे सोल."

"वाटाणेच सोलतेय. कान बंद करून नाही सोलत. मेस्त्रीच्या अगोदर आवाज बंद झाला तुमचा. मला वाटलं बीपी चढलं, उठणार होते मी."

"मी पण ऐकलं, भावोजी," सुगंधा हळूच म्हणाली.

दादूने तिघांकडे पाहिलं. मग हातातल्या कंट्रोलरकडे, जणू तो तरी आपल्या बाजूने साक्ष देईल. "पण मला ऐकू येत होतं," तो म्हणाला. "माझ्या कानात चालू होतं की."

इथे नंदूला बोलता आलं असतं. वीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो समोर वाटाण्याच्या सालांसारखा पसरलेला होता. पोयसरलाही तुझ्या कानात चालूच असेल, एवढं एकच वाक्य. पण नंदू कधी पडलेल्या गड्यावर शिट्टी दोनदा मारणाऱ्यांतला नव्हता. त्याने हात खाली घेतला.

"सामना तुझा. बावीस-वीस," तो म्हणाला. "सव्वीस तारखेला बोलतो मी."

दादू चहा न घेता गेला. समोरचं दार उघडलं, घड्याळ दिसलं, दार बंद झालं.

पुढचे काही दिवस तीन वाजता बेल वाजली नाही. नंदू आरशासमोर उभा राहून भाषणाचा सराव करायचा. "माझी शिट्टी..." इथपर्यंत छान यायचं. "चुकली" म्हणताना त्याची जीभ जड व्हायची. तो शब्द त्याने याआधी कधी वापरलाच नव्हता.

"कशाला बोलताय?" सुगंधा म्हणाली. "बरोबर होती शिट्टी तुमची. आता तर त्यालाही कळलंय."

"पैज हरलो."

"टीव्हीतल्या खेळात!"

"चार चाळीस म्हणजे चार चाळीस, सुगंधा."

तिने कपाळाला हात लावला. पण त्या दिवशी तिने आमटीत मीठ घातलं, थोडं जास्तच.

सव्वीस जानेवारीला टॉवरच्या खाली झेंडा लागला. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर जिलबीचे खोके. सोसायटीचा सेक्रेटरी सर्वेश यादी वाचून दाखवत होता, लिफ्ट, गच्ची, कुत्र्यांचा प्रश्न. ते संपल्यावर नंदू उठला आणि माईकपाशी गेला. पांढरा शर्ट, पांढरी पँट. यादीत नाव नव्हतं, पण पंचाला कोण अडवणार?

"नमस्कार," नंदू म्हणाला. माईक कुईं करून ओरडला. "मला एक सांगायचंय. वीस वर्षांपूर्वी पोयसरच्या मैदानावर फायनल होती. मी पंच होतो. शेवटच्या चढाईला दादू वाघचौरे..."

लोकांनी माना वळवून दादूला शोधलं. तो शेवटच्या रांगेत बसला होता, बाजूला जया.

"...शेवटच्या चढाईला मी जी शिट्टी मारली, ती माझी शिट्टी..."

"ए नंद्या!"

नंदू थांबला.

"ए नंद्या, बस खाली!" दादू शेवटच्या रांगेतून ओरडला. "जिलबी गार होतेय!"

"अरे पण पैज..."

"गेली उडत पैज! मी थांबलो की नाही ते मलाच माहीत नाही, तुला काय घंटा माहीत असणार? बस!"

"पाठ केलंय मी, दाद्या. बोलू दे की."

"मनात बोल!"

सर्वेशला काही कळलं नाही. त्याने घाईघाईने माईक बंद केला, कारण पुढे शिव्या येणार असा त्याचा अंदाज होता, आणि तो बरोबर होता. नंदू खाली येऊन दादूच्या शेजारच्या खुर्चीत बसला. दोघांनी जिलब्या खाल्ल्या. नंदूने चार खाल्ल्या. सुगंधा दोन रांगा पुढून मोजत होती, पण त्या दिवशी तिने काही म्हटलं नाही. पदर मात्र नाकाला दोनदा लावला.

"मला पण नव्हती रे खात्री," पाचव्या जिलबीकडे हात नेत नंदू म्हणाला. "तेव्हा. लोक किती बोंबलत होते."

दादूने त्याच्याकडे बघितलं. "मग वीस वर्षं सांगितलं का नाहीस, गाढवा?"

"पंच होतो ना."

"हां. ते पण आहे." दादूने ती पाचवी जिलबी त्याच्या हातातून काढून घेतली आणि खाल्ली.

बरोबर तीन वाजता बेल वाजली. दादू आपला लाल रुमाल गळ्यात बांधून उभा होता. त्याच्यामागे उघड्या दारातून घड्याळ दिसत होतं, तीन वाजून पाच मिनिटं झालेली.

"ते काढ ना आता," नंदू म्हणाला.

"का काढू? चांगलं चालतंय. सरक."

सामना सुरू झाला. पहिल्याच मिनिटाला दादूचा टोंगावाला धावत आला, परबने त्याच्या मांडीला मिठी मारली, दोघे कोसळले, आणि नंदूचा अंगठा खुशीत बटणावर तसाच बसून राहिला. आतून सुगंधा ओरडली, "सोडा! अवो सोडा मेल्याक!" पिवळ्या शर्टातल्या पंचाने शिट्टी मारून नंदूकडे बोट दाखवलं.

"ह्या! ही कसली पेनल्टी? आंधळा आहे का हा?" नंदू सोफ्यावर उभा राहिला.

"नंद्या, खाली बस," दादू म्हणाला, "पंचाशी हुज्जत नको."